अटी लागू

श्रीरामपूरच्या मेन रोडवर अलीम ग्राफिक्स नावाचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पावती पुस्तकं, दशक्रियेची कार्डं, सगळं तिथे होतं. पुढे काउंटरवर अलीम बसतो आणि आत, कागद कापायच्या मशीनच्या पलीकडे, त्याची मोठी बहीण गौहर शेख. गिऱ्हाईक 'आशिर्वाद' असं लिहून आणतं आणि गौहर न बोलता त्यातला शि दीर्घ करते. कुणी हुज्जत घातली तर अलीम म्हणतो, "आपाने केलंय म्हणजे बरोबरच असेल." आणि ते बरोबरच असतं.

गौहरताई नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि ती दुकानात येऊन बसली ती कायमची. लग्नाचं दोनदा ठरलं, दोनदा फिसकटलं. त्याबद्दल ती बोलत नाही, मीही विचारलेलं नाही. आमची ओळख वेगळ्याच कामातून झाली. मी सुश्रुत, नगरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. २०११ साली आम्ही दहाबारा जण मिळून इंटरनेट बघायचा एक ब्राउझर मराठीत आणत होतो. पगार नाही, ओळखपत्र नाही, हौशी काम. तो ब्राउझर मुक्त स्रोत होता. म्हणजे तो आतून कसा बनवलाय हे सगळ्यांना उघडं. कुणीही पाहावं, शंका घ्यावी, दुरुस्ती सुचवावी. मराठीचं काम जुळवायची जबाबदारी माझ्याकडे होती.

गौहरताईने पहिल्याच आठवड्यात मला फोन केला. "सर, तुम्ही 'पुस्तकचिन्ह' असा शब्द केलाय. असं कोण बोलतं? वाचनखूण म्हणा ना." मी तसं केलं. मग तिने एकेक शब्द हातात घेतला. दुकानात गर्दी नसली की ती एक वाक्य चार प्रकारे लिहायची आणि समोर येईल त्याला वाचून दाखवायची. ज्याला पटकन कळेल ते ठेवायचं. तीन वर्षांत त्या ब्राउझरमधली निम्म्याहून जास्त वाक्यं तिच्या हातची झाली.

मग तिने तो गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या चारही संगणकांवर घातला. तिथे झाडलोट करणाऱ्या कडूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, ह्ये तर आपल्यात लिव्हलंय की! मला वाचाया येतंय." हे गौहरताईने मला फोनवर तीनदा सांगितलं.

वाचनालयात रोज दुपारी येणाऱ्यांत शामकांत निसळ होते. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण संगणकावर इंग्रजी दिसलं की त्यांचा हात मागे यायचा. "चुकून कुठे सही व्हायची," म्हणायचे. मराठीतला ब्राउझर आल्यापासून ते धीट झाले. गौहरताई आठवड्यातून दोनदा तिथे जायची, आणि ते तिच्यासाठी शंकांची यादी करून ठेवायचे. ती त्यांना काका म्हणायची. त्यांच्या पत्नी लीनाकाकू प्राथमिक शिक्षिका होत्या, त्याही तेव्हाच निवृत्त झाल्या होत्या.

२०१५च्या उन्हाळ्यात ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर भाषांतरासाठी चाळीसेक नवी वाक्यं. वर पट्टीवर एक नवं बटण येणार होतं. एखादं पान आवडलं की ते बटण दाबायचं, पान तुमच्या नावावर साठवलं जाणार, मग कधीही, कुठेही वाचा. सोय चांगली होती. फक्त ती ब्राउझरवाल्यांची नव्हती. अमेरिकेतल्या एका खाजगी कंपनीची होती, तिच्याच संगणकांवर सगळं साठणार होतं आणि तिचा कोड बंद होता. आत काय चालतं ते कुणालाच पाहता येणार नव्हतं.

गौहरताईचा फोन आला. "सर, हे आपल्यात कसं काय आलं?"

"करार झालाय म्हणे त्यांचा."

"ज्याला हवं त्याने वेगळं घ्यावं ना. सगळ्यांच्या घरात आधीच का ठेवायचं? आणि कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर लोकांनी ठेवलेलं कुठे जाणार?"

मी म्हटलं, हे त्यांनाच विचारा. तिने विचारलं. तिचं इंग्रजी बेताचं होतं, मी व्याकरण तेवढं नीट केलं. प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर तिने तीन प्रश्न लिहिले. हे आत का घातलं? लोकांना आधी का विचारलं नाही? कंपनी बंद पडली तर काय? ती एकटी नव्हती. जर्मनीतून, ब्राझीलमधून, कुठून कुठून शेकडो लोकांनी हेच विचारलं होतं. दोन दिवसांनी एका अधिकाऱ्याचं गोड उत्तर आलं. तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या, ज्यांना बटण नको असेल त्यांनी ते काढून टाकावं. तिसऱ्या प्रश्नाबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी चर्चा बंद करण्यात आली.

"बटण काढता येणाऱ्यांचं ठीक आहे," गौहरताई म्हणाली. "निसळ काकांना कोण काढून देणार? मी हे भाषांतर करत नाही, सर."

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "ताई, आपण भाषांतर करणारी माणसं. धोरण त्यांचं. आपण थांबलो तर बटण इंग्रजीत दिसेल एवढंच होईल आणि मराठीची आवृत्ती अपुरी म्हणून मागे पडेल. इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं."

आपल्या मराठीच्या मधोमध इंग्रजीचा तुकडा दिसणं तिला सोसणार नाही हे मला माहीत होतं. मी तिथेच बोट ठेवलं. चार दिवसांनी सगळी वाक्यं करून आली, नेहमीसारखी नेटकी. बटणाचं नाव 'नंतर वाचू'. त्याखाली, 'आवडलेलं पान इथे ठेवा, सवडीने वाचा.'

एका वाक्यावर मात्र अडलं. मूळ इंग्रजीत बारीक अक्षरात एक सूचना होती. गौहरताईने तिचं असं केलं होतं: 'ही सेवा आमची नसून दुसऱ्या कंपनीची आहे. तुम्ही ठेवलेलं सगळं तिच्याकडे राहील आणि त्याला तिचे नियम लागू होतील.' वाक्य स्वच्छ होतं, पण चौकटीत मावेना. शेवटचे शब्द कापले जात होते आणि आवृत्ती बाहेर पडायला एकच दिवस उरला होता. मी फोन केला. "ताई, फार लांब झालंय. छोटं करा."

"छोटं केलं तर कळणार नाही."

"सगळीकडे लिहितात तसं लिहा. अटी लागू."

"अटी लागू कोण वाचतं, सर? साडीच्या सेलच्या जाहिरातीत मी स्वतः ते इतकं बारीक टाकते की कुणी वाचू नये."

"सध्या टाका. पुढच्या आवृत्तीत नीट करू."

तिने टाकलं. पुढच्या आवृत्तीत आम्ही ते नीट केलं नाही. नंतर कधीच केलं नाही.

महिन्याभरात वाचनालयाच्या संगणकांवर ते बटण आलं. काकांनी ते यादीत लिहून ठेवलं होतं. गौहरताई आली तसं त्यांनी विचारलं, "गौहर, हे नवीन काय आहे? दाबलं तर चालतं का?"

ती सांगणारच होती. तेवढ्यात अलीमचा फोन आला, एका पॅनेलच्या फ्लेक्सवर उमेदवाराचं आडनाव चुकलं होतं आणि माणसं दुकानात येऊन उभी होती. ती पर्स उचलून निघाली.

"आपलंच आहे ना हे?" काकांनी पुन्हा विचारलं.

"हो काका, आपलंच. दाबा."

एवढंच ती बोलली. पुढच्या खेपेला नीट समजावून सांगू असं तिच्या मनात होतं. पुढच्या खेपेला काकांच्या यादीत दुसरेच प्रश्न होते.

पुढच्या वर्षी काकांनी घरी लॅपटॉप घेतला, त्यावरही तोच ब्राउझर. त्याच सुमारास गावातलं एक साप्ताहिक कागदावर निघायचं बंद होऊन नुसतं वेबसाइटवर निघू लागलं. त्याचे संपादक भागवत लीनाकाकूंचे जुने विद्यार्थी. त्यांनी बाईंच्या मागे लागून एक सदर लिहून घेतलं, 'वर्गाबाहेर'. पस्तीस वर्षं खेडोपाडीच्या शाळांत भेटलेल्या पोरांच्या आठवणी. काकू ओळींच्या कागदावर पेनाने लिहायच्या, भागवत दर मंगळवारी स्कूटरवरून येऊन कागद घेऊन जायचे आणि गुरुवारी लेख वेबसाइटवर यायचा. 'हनुमंतची चप्पल', 'केशरबाईचा डबा', 'पाट सुटला तेव्हा'. श्रीरामपुरात लोक ते एकमेकांना वाचून दाखवायचे. लेख आला की काका तो 'नंतर वाचू'मध्ये ठेवायचे. आवडलेल्या ओळीवर तिथे पिवळा रंग देता यायचा आणि बाजूला टीप लिहिता यायची. काकांनी तशा कितीतरी टिपा लिहिल्या होत्या. 'इथे लीना हसली.' 'हा मुलगा पुढे आपल्या घरी आला होता.' असे एकूण अठ्ठावन्न लेख झाले.

२०२०च्या जानेवारीत लीनाकाकू गेल्या. वर्षभराने साप्ताहिकाची वेबसाइटही बंद पडली. काकांचं काही अडलं नाही, कारण त्यांचे लेख त्यांच्याजवळ होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. दर गुरुवारी सकाळी चहा झाला की ते लॅपटॉप उघडून एक लेख वाचायचे. अठ्ठावन्न संपले की पुन्हा पहिल्यापासून. हे गौहरताईला माहीत नव्हतं. गावात भेट झाली तर "बरं आहे ना काका?" एवढंच व्हायचं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या आवृत्तीत ते बटण गेलं. ती कंपनी मध्यंतरी दुसऱ्याच कुणी विकत घेतली होती आणि आता ती सेवाच गुंडाळली जात होती. मी गौहरताईला मेसेज केला, 'तुमचं म्हणणं दहा वर्षांनी का होईना खरं ठरलं.' तिने उत्तरात टाळ्या पाठवल्या आणि लिहिलं, 'गेलं एकदाचं.' आम्ही दोघं खूश होतो. लोकांनी साठवलेलं सप्टेंबरअखेरपर्यंत कंपनीच्या वेबसाइटवर पाहता येईल, छापून घेता येईल, त्यानंतर कायमचं पुसलं जाईल, ही बातमी मी वाचली होती. वाचून पुढे गेलो. कंपनीने खातेदारांना त्याबद्दल ईमेल पाठवले होते, इंग्रजीत. काका ईमेल उघडतच नसत.

ऑगस्टअखेरीला काका दुकानात आले. गणपतीचे दिवस, दारापर्यंत मंडळांची पोरं उभी, मशीनमधून फ्लेक्स निघतायत. काका काउंटरच्या कडेला थांबले. गौहरताईने आतूनच विचारलं, "काय काका?"

"लॅपटॉपवर हिचं काही दिसत नाहीये गं. माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल."

"अपडेटमुळे झालं असेल. गर्दी ओसरली की मी घरी येऊन बघते. काळजी करू नका."

काका बरं म्हणाले आणि गेले. गणपती झाले, नवरात्र आलं, मग दिवाळीच्या जाहिराती. तिच्या डोक्यातून ते निघून गेलं. काकांना वाटलं, तिला कामं असतात, कशाला मागे लागायचं. दोन महिने ते थांबले.

भाऊबीज होऊन गेल्यावर ते लॅपटॉप पिशवीत घालून आले. दुकान रिकामं होतं. गौहरताईने त्यांना खुर्ची दिली, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "नेमकं काय दिसत नाही?"

"आपलं ते बटण होतं बघ. नंतर वाचू. त्यात लीनाचे लेख आहेत सगळे."

तिने मला नंतर सांगितलं, की ते ऐकताच तिला कळून चुकलं. तिने कंपनीचं पान उघडलं. खाती बंद झाली आहेत, साठा पुसला आहे. काकांनी बरोबर आणलेल्या वहीत प्रत्येक लेखाचं नाव, तारीख आणि वेबसाइटचा पत्ता कारकुनी अक्षरात लिहिलेला होता. तिने पहिला पत्ता टाकला. पडद्यावर आलं, 'ही साइट सापडली नाही. पत्ता बरोबर आहे ना, एकदा पाहून घ्या.' हे वाक्य तिनेच लिहिलं होतं, बारा वर्षांपूर्वी, माणसाला तुटक वाटू नये म्हणून. दुसरा पत्ता टाकला. तेच वाक्य. काका शेजारी बसून ते मोठ्याने वाचत होते आणि वहीतला पत्ता पुन्हा तपासत होते.

"पत्ता तर बरोबर आहे गं," ते म्हणाले.

तिने लॅपटॉप मिटला आणि सगळं सांगितलं. बटण कुणाचं होतं, लेख कुठे साठत होते, सप्टेंबरात काय झालं. "मला तेव्हाच माहीत होतं, काका. मी त्यांना विचारलंही होतं, कंपनी बंद पडली तर काय म्हणून. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी आपलंच आहे म्हणाले."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "मराठीत होतं ना. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"छापून घेतलं असतंत."

"हो. छापून घेतलं असतं."

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. अलीमने चहा मागवला, काकांनी तो पूर्ण प्यायला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या दिवसापासून तिने आणि मी जेवढं शोधता येईल तेवढं शोधलं. भागवतांकडे गेलो. काकूंचे कागद टाइप झाल्यावर त्यांनी ठेवले नव्हते, ज्या संगणकावर टाइप केले तो भंगारात गेला होता. भागवत डोकं धरून बसले. "बाईंचं अक्षर होतं हो ते," एवढंच म्हणत राहिले. इंटरनेटवर जुनी पानं जपून ठेवणारे संग्रह असतात. तिथे साप्ताहिकाचं पहिलं पान बऱ्याच वेळा सापडलं, आतले लेख सहाच. आणखी एक लेख कुणीतरी व्हॉट्सअॅपवर उतरवून पाठवलेला मिळाला, त्यातला शेवट नव्हता. सप्टेंबरात कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन नुसतं छापून घेतलं असतं तर अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मिळाले असते, काकांच्या टिपांसकट. गणपती ते नवरात्र या काळात कधीतरी एक तास. हा हिशोब आम्ही दोघंही एकमेकांसमोर बोलून दाखवत नाही.

डिसेंबरात गौहरताईने भाषांतराचं काम सोडलं. प्रकल्पाला पत्र लिहिलं, त्याचं व्याकरण मला पाहायला दिलं नाही. उत्तरात आभाराचं पत्र आणि एक प्रशस्तिपत्रक आलं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. मी अजून काम करतो. नवीन काही आलं की बारीक अक्षरातली ओळ आधी वाचतो, चौकटीत मावत नसेल तर चौकट मोठी करा म्हणून भांडतो. कधी ऐकतात, कधी नाही. पण एवढं भांडण मला २०१५ सालीही करता आलं असतं.

मिळालेले सहा लेख गौहरताईने नीट जुळवले, चांगल्या कागदावर छापले आणि पुस्तिका करून काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती चाळली. एका ठिकाणी 'लावलेली' हवं तिथे 'लावलेलि' झालं होतं, मूळ वेबसाइटवरचीच चूक. तिने ती मुद्दाम तशीच ठेवली होती. काकांनी ती ओळखली आणि हसले.

मग त्यांनीच सुचवलं. "बाकीचे मला बरेचसे पाठ आहेत. इतक्यांदा वाचलेत. मी सांगतो, तू टाइप कर."

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवार होता, मीही श्रीरामपूरला गेलो होतो. काकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर गौहरताई लॅपटॉप घेऊन बसली. काकांनी वही उघडली, 'पाट सुटला तेव्हा' या नावावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून सांगायला लागले.

"पाट सुटल्याचा निरोप शाळेच्या घंटेआधी यायचा. त्या दिवशी पटावर चाळीस असले तरी वर्गात सात पोरं. मी हजेरी मिटली आणि त्या सातांना घेऊन पाटावर गेले, कारण बाकीचे तेहेतीस तिथेच होते."

गौहरताईने टाइप केलं. आम्हाला दोघांनाही वाटलं, जमतंय. काका पुढे सांगू लागले. पाणी, पोरांचे भिजलेले शर्ट, पाटावर घेतलेला गणिताचा तास. सात-आठ वाक्यं झाली. मग ते अडखळले. "आता वाचून दाखव."

तिने वाचलं. काका मान एका बाजूला करून ऐकत होते. चौथ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. 'सदर पाणी' असं ती लिहिणार नाही. ते माझं आहे, ऑफिसातलं."

"मग काय होतं, काका?"

ते आठवत राहिले. ओठ हलत होते. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघून गेली तरी ते आठवतच होते.

"पहिली तीन तिची आहेत," शेवटी म्हणाले. "पुढचं मी केलेलं आहे. गोष्ट तिचीच, पण वाक्यं माझी. पुसून टाक."

"राहू द्या ना काका. काहीतरी तर राहील."

"नको. लोक वाचतील आणि म्हणतील लीनाबाई असं लिहायच्या. ती असं लिहीत नव्हती."

गौहरताईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने चौथ्या वाक्यापासून शेवटपर्यंत खूण केली आणि पुसलं. तीन वाक्यं ठेवली, जतन केली आणि काकांनी वहीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं.